कुत्र्यापुरता दाखला

शंकरराव बारटक्के त्यांच्या कुत्र्यापुरते एकोणीस जूनला वारले, आणि बावीस जूनला मी तो कुत्रा माझ्या घरी आणला.

ते वारले सकाळी सव्वाअकराला, नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, पाळीव प्राणी हस्तांतरण कक्षात. मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. दाखल्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

मी प्रभावती शेटे. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं शिवण शिकवलं. निवृत्त झाल्यावर थोरल्या बहिणीचं दुखणं काढलं. ती गेल्यावर घरात भांडं पडलं तर तेवढाच आवाज व्हायचा. कुत्रा पाळावा असं तेव्हा मनात आलं. पिल्लू नको होतं. पिल्लू चौदा-पंधरा वर्षं जगतं, आणि मला तेवढी खात्री देता येत नव्हती. कुणाकडे तरी राहून शहाणा झालेला, मधल्या वयाचा कुत्रा मला हवा होता.

शंकरराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर गाड्या सोडल्या आणि बायको गेल्यावर चार वर्षं या कुत्र्याबरोबर काढली. कुत्र्याचं नाव मुकुंद. तपकिरी रंग, पुढचे पाय पांढरे, डावा कान मोडलेला. आता मुलगा पुण्याला बोलावत होता. सुनेला दमा होता, त्यामुळे कुत्रा नेता येणार नव्हता.

कक्षात ज्योत्स्ना हुपरीकर बसते. ती माझीच विद्यार्थिनी. शाळेत असताना तिची तुरपाई वर्गात सगळ्यांत सरळ असायची. तिने शंकररावांचा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला.

"काका, सातवा रकाना रिकामा आहे," ती म्हणाली. "जनावरास सांगावयाचे कारण."

"काय काय लिहिता येतं?"

"स्थलांतर, आजारपण, नकोसा होणे, मृत्यू. यातलं एक."

"स्थलांतर लिहिलं तर?"

"मग त्याला वाट पाहायचा हक्क राहतो. बाईंनी फाटकाजवळ जागा आणि पाणी द्यायचं. त्याला मुदत नाही."

शंकररावांनी पेनाचं टोपण काढलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझा मुलगा नोकरीला गेला तेव्हा हा दीड वर्ष फाटकात बसून होता. पावसात, उन्हात. आमची ही गेली तेव्हा मात्र तेरा दिवस न जेवता राहिला आणि चौदाव्या दिवशी उठला. मेलेल्यांची त्याला सवय आहे, बाई. सोडून गेलेल्यांची नाही."

"पण ते खरं नाही ना," मी म्हटलं.

"खरं असायलाच हवं असं नाही, बाई," ज्योत्स्ना म्हणाली. "एकच कारण सांगायचं आणि ते बदलायचं नाही, एवढाच नियम आहे. त्यात साक्षीदार म्हणून तुमचीही संमती लागते."

तेव्हा मी आणखी काही बोलू शकले असते. आजारपण लिहा, असं सुचवू शकले असते. पण फाटकात बसून दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहणारा कुत्रा मला नको होता. मी सही केली. शंकररावांनी रकान्यात सुवाच्य अक्षरात "मृत्यू" लिहिलं, आणि ज्योत्स्नाने शिक्का मारून घड्याळात बघून वेळ टाकली.

दाखल्यावर मजकूर छापलेलाच होता. सदर इसम खाली नमूद केलेल्या श्वानापुरते मयत समजण्यात यावे. इतर सर्व कामांसाठी ते हयात असून त्यांच्या निवृत्तिवेतनावर परिणाम होणार नाही. मयताने सदर श्वानाच्या दृष्टीस, कानास अथवा नाकास पडू नये.

"त्याला शेवटचं बघून येऊ का?" शंकररावांनी विचारलं.

ज्योत्स्नाने घड्याळाकडे बोट दाखवलं. अकरा सतरा झाले होते. "आता नाही जमणार, काका," ती हळू म्हणाली.

ते रेलिंग धरून जिना उतरले. त्याच दुपारच्या गाडीने पुण्याला गेले.

मुकुंद तीन दिवस त्यांच्या शेजाऱ्यांकडे होता. बावीस तारखेला मी त्याला घेऊन कक्षात गेले. ज्योत्स्ना टेबलामागून उठून बाहेर आली, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने दाखला त्याला वाचून दाखवला. त्याने मोडका कानसुद्धा उभा करून ऐकलं. वाचून झाल्यावर तिने शाईचा पॅड पुढे केला. त्याने वास घेतला, थोडा थांबला आणि दिलेल्या जागी पंजा उठवला.

घरी आल्यावर त्याने सुतक पाळलं. गादीवर चढला नाही. एक वेळ जेवला, तेही मीठ नसलेलं. दहाव्या दिवशी सकाळी तो आपण होऊन निघाला. मी मागोमाग गेले. नदीच्या घाटावर कुणा परक्या माणसाचा दहावा चालला होता. हा लांब, पायरीवर बसला. त्यांच्या पिंडाला कावळा शिवला तेव्हा उठला आणि घरी आला. चौदाव्या दिवशी त्याने दुधाची वाटी चाटून स्वच्छ केली आणि उंबऱ्यावर आडवा झाला.

त्यानंतर तो हळूहळू माझा झाला. मी मशीनवर बसले की पायडलशेजारी येऊन पडायचा. वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची बहिणीमुळे लागलेली सवय मी पुन्हा सुरू केली. तो ऐकायचा. जुलै आणि ऑगस्टचे बरेचसे दिवस असे गेले. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

ऑगस्टच्या शेवटी शंकरराव परत आले. मंडईत मेथीच्या जुड्या बघत असताना मागून "बाई" अशी हाक आली. ते वाळले होते. डेपोच्या मागे एक खोली घेऊन राहिले होते.

"पुण्याला काही झालं का?" मी विचारलं.

"काही नाही झालं. मुलगा चांगला आहे. सूनही चांगली आहे. पण मी घरात शिरलो तर कुणी उठून उभं राहत नाही, बाई. चार वर्षं मला त्याची सवय लागली." मग त्यांनी खाली बघत विचारलं, "तो दाखला रद्द होतो का हो?"

आम्ही दोघं ज्योत्स्नाकडे गेलो. तिने नियमांचं पुस्तक काढलं, दोन ठिकाणी बोट ठेवलं आणि वाचलं.

"होतो, काका. फक्त त्याला खरं काय झालं ते वाचून दाखवावं लागतं. तारखांसकट. मालक हयात होते, त्यांनी स्वतःहून दिला, आणि सुतक खोटं पाळलं गेलं, असं. मग कुठे राहायचं ते तो ठरवेल."

"तारखांसकट?"

"हो."

शंकररावांनी चष्मा काढून पुसला. मी मनात म्हणत होते की यांनी हो म्हणू नये. ते मी इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे ते नोंदलेलं नाही.

"तेरा दिवस राहिला का तो?" त्यांनी मला विचारलं.

"राहिला. घाटावरही जाऊन आला."

"मग नको," ते म्हणाले. "एवढं सगळं त्याने केलं, आणि आता ते उगाच होतं म्हणून कसं सांगायचं?"

ज्योत्स्नाला वाईट वाटलं असावं. तिने पुस्तक पुन्हा चाळलं आणि सांगितलं की मयताला वर्षातून एकदा, सर्वपित्रीला, येण्याची मुभा आहे. जेवायचं, बोलायचं नाही आणि जायचं.

सर्वपित्रीला मी सगळा स्वयंपाक केला. वडे, खीर, गवारीची भाजी, कढी, आमसुलाची चटणी. पान कुंपणाच्या भिंतीवर ठेवायचं असतं. शंकररावांना भिंतीवर चढवेना म्हणून बाहेरच्या बाजूला स्टूल ठेवलं. ते धुतलेलं धोतर नेसून बाराच्या ठोक्याला आले. स्टुलावर बसले तेव्हा भिंतीवरून त्यांचे खांदे आणि डोकं तेवढं दिसत होतं.

मुकुंद दारात बसला होता. त्यांना बघून तो उठून उभा राहिला. शेपूट हलवली नाही, पुढे गेला नाही. वडीलधारे गेलेले आले की जसं करायचं तसं त्याने केलं. पुढचे पाय जुळवले आणि मान खाली घातली. शंकरराव जेवत होते. खीर त्यांच्या हनुवटीवरून ओघळत होती आणि ती पुसायचं भान त्यांना नव्हतं. त्यांनी पान पूर्ण संपवलं, हात जोडले आणि गेले. मुकुंद मग भिंतीपलीकडे जाऊन ते स्टूल बराच वेळ हुंगत राहिला.

इथपर्यंत सगळं नियमात होतं. दुसऱ्या दिवशी शंकरराव पुन्हा आले.

ते आत आले नाहीत. रस्त्यापलीकडे विजेच्या खांबाजवळ उभे राहिले, अर्धा तास थांबले आणि गेले. तिसऱ्या दिवशी आले, चौथ्या दिवशीही आले. पक्ष संपला होता. मुकुंदने याचा एकच अर्थ लावला, आणि त्याला दिलेल्या कागदाप्रमाणे तो बरोबर होता. पान जेवूनही गेलेला माणूस परत येतो, म्हणजे त्याचं काहीतरी राहिलं आहे. मुकुंदने आपलं जेवणाचं भांडं तोंडात धरून फाटकापर्यंत नेलं आणि नाकाने ढकलून फाटकाखालून बाहेर सारलं. भाकरी-दूध तसंच होतं. मग तो मागे सरून बसला.

पलीकडून शंकरराव त्या भांड्याकडे बघत राहिले.

हे रोज होऊ लागलं. मी दुसरं भांडं भरून दिलं, तेही त्याने बाहेर नेलं. कोंडून घातलं तर तो समोरच्या भांड्याला तोंड लावायचा नाही. तीन आठवड्यांत त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आजार काहीच नाही, पोटात अन्न नाही एवढंच.

मी खांबापाशी गेले. "शंकरराव, येऊ नका आता."

"मी कुठे आत येतो, बाई?"

"तुम्ही त्याच्या वासात येता. तो तुमच्यासाठी उपाशी राहतोय."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी रोज ठरवतो की उद्या यायचं नाही. मग उद्या उजाडतो." खांबावर हात टेकून म्हणाले, "तो भांडं आणून ठेवतो ना, तेव्हा मला वाटतं की जाऊन ते खावं. म्हणजे तरी त्याचं समाधान होईल. पण ते दाखल्यात बसेल का, ते कळत नाही."

दाखल्यात ते बसत नव्हतं. मी ज्योत्स्नाला विचारलं होतं.

मी पुन्हा कक्षात गेले, या वेळी एकटी. ज्योत्स्नाने सांगितलं की मी तक्रार देऊ शकते. मयताने हद्द ओलांडल्याचं सिद्ध झालं तर दाखला सर्व कामांसाठी लागू होतो. मग त्यांना खोली, रेशन, निवृत्तिवेतन, मुलगा, कशावरच हक्क सांगता येणार नाही. "तसं एक प्रकरण मागे झालं," ती म्हणाली. "ते गृहस्थ अजून भाजी आणायला जातात. कुणी देत नाही."

"तक्रार नको."

"मग रद्द करा. त्याला खरं सांगा."

मी पदराचा काठ नीट करू लागले. ज्योत्स्नाने माझ्याकडे पाहिलं. शाळेत मी तिच्या चुकलेल्या टाक्याकडे बघायचे तसं तिने पाहिलं, आणि मग पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं.

"आणखी एक तरतूद आहे. श्वान त्या इसमापुरता मयत होऊ शकतो. अर्ज श्वानाने करायचा, पालकाची संमती लागते. नोटीस गेली की ते यायचे थांबतील."

"त्यांना काय वाटेल?"

"दुःख होईल. पण तेही तेरा दिवसांचं. आणि नंतर उठतील, बाई. माणसंही उठतात."

दोन नोव्हेंबरला मी मुकुंदला उचलून दुसऱ्या मजल्यावर नेलं. तो इतका हलका झाला होता की मला धाप लागली नाही. ज्योत्स्नाने त्याच्यासमोर बसून अर्ज वाचला. गेलेल्यांचा जीव तुझ्यात अडकला आहे, तू त्यांच्यापुरता मयत झालास की ते मोकळे होतील, असं तिने साध्या शब्दांतही सांगितलं. दोनदा वाचायचा नियम होता, म्हणून तिने दुसऱ्यांदा वाचलं. मुकुंदने माझ्याकडे पाहिलं. अर्जात काही चुकीचं आहे का, असं तो विचारत होता. त्याला विचारायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

खरं सांगायला चार वाक्यं पुरली असती. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "उठव."

त्याने पंजा उठवला. मी खाली संमतीची सही केली.

घरी येऊन त्याने जेवण केलं. भांडं बाहेर नेलं नाही.

नोटीस दुसऱ्या दिवशी पोचली. त्या दिवशी दुपारी चारला फाटक वाजलं. शंकरराव खांबापाशी न थांबता सरळ आत आले. मुकुंद ओसरीच्या पायरीवर झोपला होता. त्याच्या शेजारून, त्याच्या शेपटीवर पाय पडणार नाही एवढी काळजी घेऊन, ते वर आले.

"कसा गेला?"

"झोपेत."

"त्रास?"

"नाही झाला."

ते खुर्चीत बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरलं. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाई," ते म्हणाले. "तुम्ही केलं तेवढं कुणी करत नाही. चूक माझी. मी रोज यायला नको होतं. त्याने माझ्यासाठी अन्न सोडलं." पाणी तसंच खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पुरलं कुठे?"

"मागे. सीताफळाखाली. उद्या दाखवते, आज तिथे चिखल आहे."

ते गेल्यावर मी कुदळ घेऊन सीताफळाखाली खणायला लागले. जमीन कडक होती. मुकुंद आला, जरा वेळ बघत उभा राहिला आणि मग पुढच्या दोन्ही पायांनी माती उकरायला लागला. त्याला अजून ताकद आली नव्हती, पण उकरायचं त्याला आवडायचं. आम्ही दोघांनी मिळून हातभर खड्डा केला. त्यात घालायला काही नव्हतं. तसाच बुजवला आणि वर चार दगड ठेवले.

शंकररावांनी तेरा दिवस पाळले. चौदाव्या दिवशी ते उठले नाहीत. आता ते रोज चारला येतात, सीताफळाजवळच्या धोंड्यावर बसतात, आणि ऊन उतरलं की जातात. एकच अडचण होती, ती मी लेखी विचारून घेतली. कक्षाचं उत्तर आलं की दोन्ही पक्ष परस्परांपुरते मयत असल्याने एका आवारात असण्यास हरकत नाही.

मुकुंद दुपारी मागच्या पायरीवर असतो. पायरी आणि धोंडा यांत आठ फुटांचं अंतर आहे. खरं सांगायची वेळ निघून गेली आहे का, असं मी ज्योत्स्नाला एकदा विचारलं. ती म्हणाली की आता सांगायचं तर दोघांनाही सांगावं लागेल, आणि दोन मयतांना एकत्र वाचून दाखवायचा नमुना अजून छापून आलेला नाही.

परवा शंकररावांनी पहिल्यांदाच पायरीकडे नीट पाहिलं.

"नवा आणलात?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"बरं केलंत. एकटीने राहू नये. नाव काय ठेवलं?"

"अजून ठेवलं नाही."

"ठेवा काहीतरी. नावाशिवाय बरं नाही." ते उठून जवळ आले. "हात लावला तर चालेल का?"

"लावा."

त्यांनी वाकून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. लोकांच्या कुत्र्यावरून फिरवतात तसा, जरा बिचकत. मुकुंदने ते होऊ दिलं. परक्या पाहुण्यांनी हात लावला की तो असाच स्वस्थ राहतो. शंकररावांनी हात नाकाशी नेला आणि क्षणभर तसेच उभे राहिले.

"मुकुंदाच्या अंगाला असाच वास यायचा," ते म्हणाले. "सगळ्याच कुत्र्यांना येत असेल."

रुमालाला हात पुसून ते पुन्हा धोंड्यावर जाऊन बसले. मुकुंद जागच्या जागी दोनदा फिरला आणि त्यांच्याकडे पाठ करून झोपला. मी चहा टाकायला आत गेले.